शालीखालचा कागद

प्रेमानंद खोब्रागडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका कापलेल्या गव्हाच्या शेतात पालथे पडले होते. मला वाटलं, गेले. माझा नोकरीचा तिसरा दिवस. ज्याच्या हाताखाली पाठवलं तो सिनियर शेतात मरून पडला तर कुठला फॉर्म भरायचा, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. जवळ गेलो, तर मान न वळवता त्यांनी विचारलं,

"वास येऊन राह्यला का तुले?"

"कशाचा?"

"राहू दे मंग. वणीचा ना तू? कोळशाच्या गावातल्या माणसाचं नाक शोभेपुरतंच असते."

ते स्वतः राजुऱ्याचे. वणी आणि राजुरा यांच्यात मोटरसायकलवर जेमतेम दोन तासांचं अंतर. तिकडेच राहिलो असतो तर एकमेकांचं तोंडही पाहिलं नसतं. एडमंटनच्या पूर्वेला शंभर किलोमीटरवर, जिथे झाडसुद्धा विचारून उगवतं, तिथे मात्र त्यांनी मला अर्ध्या तासात पुतण्या करून टाकलं. म्हणजे हुकूम सोडायला सुरुवात केली. "प्रफुल्ल बाबू, नळी धर. प्रफुल्ल बाबू, गाडीतून गंज आण."

आमचं खातं तेलविहिरींवर नजर ठेवतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण माझा पगार अजून तिथूनच येतो. माझं काम ऑफिसात बसून नकाशावर विहिरींची टिंबं लावायचं, आणि खोब्रागडेंचं काम त्या टिंबांवर प्रत्यक्ष जाऊन पालथं पडायचं. जुन्या विहिरीच्या तोंडाशी एक नळी असते. तिचं टोक पाण्यात बुडवायचं आणि दहा मिनिटं बघत बसायचं. बुडबुडा आला तर विहीर आतून गळते. खात्याने यासाठी प्लास्टिकचं सुंदर किट दिलं होतं. ते खोब्रागडेंच्या ट्रकमध्ये सीटखाली नवंकोरं पडलेलं असे. ते घरचा स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, आणायचे. त्यावर 'गंगुबाई खोब्रागडे, राजुरा' असं टोचून लिहिलेलं होतं. आईने सून आणण्याच्या तयारीत घेतलेल्या भांड्यात मुलगा कॅनडात मिथेन बघत होता.

वय चोपन्न. कानावर येणारी टोपी, जाड भिंगं, आणि जेवणाच्या डब्यात हमखास सुकटीची चटणी. त्या चटणीमुळे त्यांच्यासोबत कोणी फील्डवर जायला तयार नसे. मी गेलो, कारण मला कोणी विचारलंच नव्हतं. ऑफिसातले गोरे त्यांना 'प्रेम' म्हणत. खोब्रागडे म्हणायचा प्रयत्न दोघांनी केला होता, त्यातल्या एकाने लवकर रिटायरमेंट घेतली.

ट्रकमध्ये बसलं की ते मला राजकारण शिकवत. मी वणीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेला, त्यामुळे लांबलचक भाषण चालू असताना डोळे उघडे ठेवून झोपायची मला सवय होती. पण त्यांचं एक शास्त्र डोक्यात राहिलं.

"हे पाह्य बाबू. राजा लोकांकडून कर घेते, तवा लोकं राजाले विचारते, का रे बावा, आमच्या पैशाचं काय केलं? इथं राजाले पैसा जमिनीतून येते. शेजारच्या प्रांतात गेला तर दुकानात प्रांताचा टॅक्स लागते. आपल्याकडे लागते का? नाही. मंग इथले लोक कायले विचारीन?"

"पण इथे निवडणुका होतात ना, भाऊ."

"होते ना. एकाच पार्टीनं लागोपाठ चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं. त्याच्याआधीच्या पार्टीनं छत्तीस. तेलाचा भाव पडला तवा एकदा दुसऱ्याले चार वर्षं बसवलं, अन् लोकं लगेच शुद्धीवर आले."

दोन हजार पाच साली ते इथे आले आणि सहा महिन्यांच्या आत सरकारने प्रत्येक माणसाला चारशे डॉलरचा चेक पाठवला. तेलाचा पैसा फार झाला होता, सांगून सवरून वाटला. खोब्रागडेंनी त्यातून थंडीचा कोट घेतला. "सरकारनं देल्लेला कोट घालून सरकारविरुद्ध बोलता येत नाही," ते म्हणायचे. "गरम होते."

इतकं सगळं कळणारा माणूस, तरी त्याला वाटायचं की कागद नीट लिहिला आणि योग्य हातात दिला, तर सरकार ऐकतं. त्याच्या हुशारीला पडलेलं हे एवढंच भोक, आणि सगळं पाणी तिथूनच गेलं.

ज्या शेतात ते पालथे पडले होते ते मिसेस हावरिलुक नावाच्या बाईंचं. वय एक्क्याऐंशी. पणजोबा युक्रेनमधून आलेले, नवरा वारलेला, एक मुलगा उत्तरेला तेलाच्या खाणीत. सत्तरच्या दशकात एका मोठ्या कंपनीने त्यांच्या गव्हात विहीर खणली. नवरा नाही म्हणू शकला नाही, कारण इथे वरची माती शेतकऱ्याची, पण खालचं तेल बहुतेक ठिकाणी सरकारचं. खोब्रागडेंना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. राजुऱ्याला त्यांच्या बापाच्या तीन एकरांखाली कोळसा निघाला होता, आणि बाप त्याच खाणीत कामाला लागला होता.

विहिरीतून वीस वर्षांत थेंब निघाला नव्हता. नियम असा की ज्याने विहीर चालवली त्याने ती सिमेंटने बुजवायची. नियमात फक्त 'केव्हा' ते लिहिलेलं नव्हतं. दरम्यान विहीर गळत होती आणि बाईंच्या स्वयंपाकघरातला नळ उघडला की आधी थुंकायचा आणि मग पाणी द्यायचा.

त्या दिवशी गंजात बुडबुडे असे येत होते, जणू चहा ठेवलाय. बाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "मी जायच्या आधी ही बंद करून दे. जमीन नातीच्या नावे करायचीय. बँकवाले विहीर पाहून परत जातात."

आमच्या खात्यात अशा वेळी बोलायचं एक ठरलेलं वाक्य आहे: आम्ही तुमची चिंता नोंदवून घेतली आहे. खोब्रागडेंनी टोपी काढली आणि म्हणाले, "मी शब्द देतो. ज्याने खणली त्याच्याकडूनच बुजवून घेईन."

परत येताना मी म्हटलं, "भाऊ, इथे शब्द देत नसतात."

"म्हातारी आहे ना बे. तिले काय नोंद खाऊ घालू?"

सहा महिन्यांनी, मार्चमध्ये, मोठ्या कंपनीने अर्ज केला. त्यांना तीनशे अठरा जुन्या विहिरी एका छोट्या कंपनीला देऊन टाकायच्या होत्या. विकायच्या म्हणणं बरोबर नाही, कारण घेणाराच वर पैसे घेणार होता. या छोट्या कंपनीचं ऑफिस एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर. मालक, डायरेक्टर आणि फोन उचलणारा हे तिघे मिळून कॉडी नावाचा एकच माणूस. हा खेळ इथे जुना आहे. मोठ्याने विहिरी छोट्याच्या गळ्यात बांधायच्या आणि छोट्याने वर्ष-दोन वर्षांनी दिवाळं काढायचं, की विहिरी अनाथ होतात. अनाथ हा सरकारी शब्द आहे. अनाथ विहिरींची एक यादी असते आणि त्या यादीत नंबर लागतो. मिसेस हावरिलुक यांची विहीर त्या तीनशे अठरांमध्ये होती.

खोब्रागडेंनी तपासणीचा रिपोर्ट लिहिला आणि शेवटी शेरा मारला: ही बदली मंजूर होऊ नये, घेणाऱ्याची ऐपत नाही.

मॅनेजर लिंडाने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर प्रिंटरपाशी उभा होतो, म्हणजे मुद्दामच.

"प्रेम, तुझी तळमळ मला फार आवडते," लिंडा म्हणाली. "पण ऐपत आपल्या चौकटीत बसत नाही. तू बुडबुडे बघ. बाकीचं वरचे बघतील."

"वरचे शेतात येत नाहीत."

"एक्झॅक्टली," लिंडा हसून म्हणाली आणि शेरा काढून टाकला.

त्यांनी तो दुसऱ्या रिपोर्टात लिहिला. तोही निघाला. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा कंप्युटरमधला तो रकानाच गायब झालेला होता.

पाचव्या दिवशी खोब्रागडे सुकटीचा घास तोंडाशी थांबवून म्हणाले, "आपली जयंती आहे ना चौदाला. मंत्री येऊन राह्यले."

ही आमच्या आंबेडकर असोसिएशनची जयंती. एडमंटनमधली चोवीस कुटुंबं, भाड्याचा कम्युनिटी हॉल, पोरांचे डान्स, आणि शेवटी रांगेत उभं राहून जेवण. अध्यक्ष विश्वनाथ रामटेके, मूळचे नागपूरचे. नोकरी त्याच मोठ्या कंपनीत, आणि आमच्या कार्यक्रमाला प्रायोजकही तीच कंपनी. रामटेकेंनी दोन वर्षं खेटे घालून एका मंत्र्याला प्रमुख पाहुणे म्हणून मिळवलं होतं. तेलाचं खातं त्यांच्याचकडे, आणि मिसेस हावरिलुक यांचं शेत त्यांच्याच मतदारसंघात. खोब्रागडेंना यात योग दिसला. तर्काने जगणाऱ्या माणसाला योग दिसायला लागला की मित्रांनी सावध व्हावं. मी झालो नाही.

"सत्कार मी करतो म्हणून सांगितलं रामटेकेले," ते म्हणाले. "शाल घालाची, पुष्पगुच्छ द्याचा, संविधान द्याचं, अन् हळूच निवेदन हातात. चंद्रपूरले गेस्ट हाउसवर आम्ही असंच करत होतो. हार घातला की मंत्री नाही म्हणत नाही. जागीच शेरा मारते."

"इथे शेरा नसतो, भाऊ."

"पेन मी नेतो ना."

"आणि निवेदनाला जोडणार काय?"

"रिपोर्ट. तिन्ही. पुराव्याबिगर कागद म्हणजे रद्दी."

ते रिपोर्ट ऑफिसचे होते, गोपनीय होते, आणि लिंडाने शेरे काढण्यापूर्वीच्या प्रती त्यांनी स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या. हे असं करू नये, हे मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं का? सांगितलं. कसं सांगितलं, तर असं: "भाऊ, आत गेलात तर डबा मी पोचवीन, पण सुकट नाही." ते हसले. माझ्या सल्ल्याचं वजन तेवढंच झालं.

चौदा एप्रिलला बाहेर बर्फ पडत होता. मंत्री आले, उंच, लालसर, बूट चकचकीत. जय भीम म्हणायला रामटेकेंनी त्यांना गाडीतच शिकवलं होतं. व्यासपीठावर मागे बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याहून रुंद असा कंपनीचा बॅनर. सत्काराला नाव पुकारलं तसे खोब्रागडे सूट घालून पुढे गेले. शाल घातली. गुच्छ दिला. संविधान दिलं. आणि मग शालीच्या घडीखालून पांढरा लिफाफा काढून मंत्र्यांच्या हातात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं. गेस्ट हाउसवर असंच करत असणार.

कॅमेरा माझ्या हातात होता.

मंत्र्यांना तो आभाराचा कागद वाटला. त्यांनी लिफाफा छातीशी धरून छान दात दाखवले. खोब्रागडेंनी वाकून इंग्रजीत सांगितलं, "सर, तीनशे अठरा विहिरी. तुमच्या मतदारसंघातल्या एका आजीला मी शब्द दिलाय."

"आय हिअर यू," मंत्री म्हणाले आणि लिफाफा मागे उभ्या असलेल्या आपल्या सहायक पोराकडे दिला. त्या पोराने तो बघितला, आणि माझी खात्री आहे, त्या अख्ख्या हॉलमध्ये तो त्याने एकट्यानेच वाचला.

खाली आल्यावर खोब्रागडे घामाने भिजले होते. "ऐकलं म्हणे. तू ऐकलं ना, ते ऐकलं म्हणाले ते?"

त्यांची मुलगी धम्मप्रिया, बारावीत, ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "डॅड, दे से दॅट टू एव्हरीवन."

"तू जेव."

रात्री मी फोटो असोसिएशनच्या पेजवर टाकले. त्यातला हा सगळ्यात चांगला आला होता, म्हणून पहिला टाकला. खाली ओळही मीच लिहिली: आपले प्रेमानंद खोब्रागडे मंत्रिमहोदयांना तेलविहिरींच्या प्रश्नावर निवेदन देताना. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. वाटलंही. त्यांनी तो फोटो राजुऱ्याला पाठवला, आणि रविवारी शंभर किलोमीटर गाडी चालवून मिसेस हावरिलुक यांनाही दाखवून आले. बाईंनी त्यांना चेरीचा केक खाऊ घातला आणि नातीला फोन लावून सांगितलं की काम झालं.

पुढचे बारा दिवस हा माणूस सुखात होता. तेराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहाला, त्यांना खालच्या मजल्यावर बोलावलं. टेबलावर फोटो होता, रंगीत, मोठा करून छापलेला. माझी ओळ भाषांतर करून खाली टाइप केलेली. लिंडा होती, एचआरची एक गोड आवाजाची बाई होती, आणि दाराशी एक सिक्युरिटीवाला. तो नेहमी खोब्रागडेंशी क्रिकेटवर बोलायचा, त्या दिवशी छताकडे बघत होता.

आत काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांना विचारलं, लिफाफ्यात ऑफिसची कागदपत्रं होती का. ते म्हणाले, होती, आणि मीच लिहिलेली होती. तू लिहिलेली असली तरी मालकी खात्याची आहे, बाई म्हणाली. वरची माती आणि खालचं तेल, हा न्याय माणसालाही लागू होतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

"मी नागरिक म्हणून देल्लं," ते म्हणाले.

"नागरिकाकडे ते रिपोर्ट नसतात, प्रेम," बाई अतिशय प्रेमळपणे म्हणाली.

अकरा वर्षांची नोकरी पंचवीस मिनिटांत संपली. त्यांचा कोट कोणीतरी वरून आणून दिला. मलाही बोलावलं. फोटो कुणी काढला, असं विचारलं. मी म्हणालो, असोसिएशनने. असोसिएशनमध्ये कोण? मी म्हणालो, व्हॉलंटियर असतात. बाईने ते लिहून घेतलं आणि मला म्हणाली, थँक यू फॉर युवर ऑनेस्टी. मी वर जाऊन टिंबं लावत बसलो.

संध्याकाळी रामटेकेंच्या बेसमेंटमध्ये असोसिएशनची तातडीची मीटिंग. खोब्रागडेंना वाटलं, आपल्यासाठी बोलावलीय. तसं ते खरंही होतं.

"भाऊ, तुम्ही समाजाले तोंडघशी पाडलं," रामटेके म्हणाले.

"मी मंत्र्याले कागद देल्ला. थप्पड नाही मारली."

"कोणाच्या विरोधात कागद? आमच्या कंपनीच्या. अन् फोटोत मागं बॅनर कोणाचा? आमच्याच कंपनीचा. मले आज व्हीपीनं बोलावलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याले माझं नाव नीट घेता आलं."

कोणीतरी हसलं. खोब्रागडे म्हणाले, "रामटेके, तुमचे वडील अन् माझे वडील दोघंही निवेदनं देत मोठे झाले."

"त्यायच्याकडे मॉर्गेज नव्हतं."

"हक्क तर होता ना?"

"भाऊ, हक्काचं भाषण चौदा तारखेला. आज सत्तावीस आहे."

मिलिंद नावाचा एक शहाणा तिथे होता, ओटावाजवळच्या कनाटाहून बदली होऊन आलेला, बाहेरून कसं दिसतं याला दर वाक्यात 'ऑप्टिक्स' म्हणणारा. त्याने ठराव मांडला की खोब्रागडेंनी काही काळ कार्यकारिणीतून बाजूला व्हावं, त्यांच्याच भल्यासाठी. हात वर करा म्हणाले. बेसमेंट लहान होतं, सगळ्यांचे हात सगळ्यांना दिसत होते. माझाही खोब्रागडेंना दिसला. जाताना बूट घालायला वाकले तेव्हा त्यांनी विचारलं, "प्रफुल्ल बाबू, तुले बस मिळन का? मी सोडतो." आणि सोडलंही, घरापर्यंत, पूर्ण रस्ताभर हीटरबद्दल बोलत.

विहिरींची बदली जूनमध्ये मंजूर झाली. मंत्र्यांनी कोणतंही वाईट काम केलं नाही, त्यांना काही करावंच लागलं नाही. फाईल आपल्या पायाने चालत गेली. कॉडीने विहिरी आणि वरचे पैसे घेतले, सव्वा वर्ष फोन उचलला, आणि मग दिवाळं जाहीर केलं. तीनशे अठरा विहिरी अनाथ झाल्या. यादीत माणसं नकाशावरून नंबर लावतात, आणि नकाशा माझा.

या काळात खोब्रागडे एका ग्रोसरीच्या गोदामात खोकी उतरवत होते. इंजिनियर म्हणून अर्ज केला की जुन्या ऑफिसला फोन जायचा आणि तिथून गोड आवाजात सांगितलं जायचं की याविषयी आम्ही काही बोलू शकत नाही. हे ऐकल्यावर कोणी पुढे विचारत नसे. मी त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जायचो. जेवायला मिळायचं. त्यांची बायको अरुणाताई मला वाढायच्या, पण माझ्याशी बोलायच्या नाहीत, आणि त्यांचं वाढणं इतकं नीटनेटकं असायचं की घास उतरायचा नाही.

मग सरकारने अनाथ विहिरी बुजवण्यासाठी मोठा निधी जाहीर केला. लोकांचा पैसा, तेलातून आलेला, तेलाचीच घाण काढायला. मंत्र्यांनी पिवळं हेल्मेट घालून फोटो काढला. आमच्या भागातलं कंत्राट एका नव्या कंपनीला मिळालं. तिचं ऑफिस डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर होतं.

कॉडीने स्वतः खोब्रागडेंना फोन केला. त्या विहिरी दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हत्या. कुठलं फाटक कुठे उघडतं, कुठल्या विहिरीची नळी सडलीय, कोणाचा कुत्रा चावतो, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस स्वस्तात मिळत होता. मी त्या दिवशी तिथेच होतो, वरणभात पुढ्यात.

"मी नाही जाणार," खोब्रागडे फोन ठेवून म्हणाले. "ज्यानं बुडवलं त्याच्या हाताखाली?"

"गोदामात कोणत्या महात्म्याच्या हाताखाली आहा?" अरुणाताईंनी विचारलं. दोन वर्षांत त्यांचा आवाज मी इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

"तत्त्वाचा प्रश्न आहे, अरुणा."

"तत्त्वाले मॉर्गेज नसते. आपल्याले आहे. पोरीची युनिव्हर्सिटी आहे. तुमची पाठ गेली आहे. पाहिजे तर एक निवेदन द्या त्या पाठीले."

धम्मप्रिया जिन्यात बसली होती. "जस्ट टेक इट, डॅड. नोबडी केअर्स."

ते माझ्याकडे वळले. "तू सांग बाबू."

मी म्हटलं, "भाऊ, निदान विहिरी तर बुजतील." खरं म्हणजे मला ते वरणभात संपवून निघायचं होतं.

त्यांनी नोकरी घेतली. पहिल्याच आठवड्यात त्यांना क्रमवारीची छापील यादी मिळाली आणि ती घेऊन ते मिसेस हावरिलुक यांच्याकडे निघाले. फोनवर सांगा म्हटलं तर म्हणाले, शब्द समोर देल्ला होता. मला खात्याकडून नकाशा पडताळायचा होता म्हणून मी सोबत गेलो. आता त्यांच्या ट्रकवर कॉडीच्या कंपनीचं नाव होतं, आणि त्यांनी वाटेत एकदाही राजकारण शिकवलं नाही.

बाई आता त्र्याऐंशीच्या पुढे. दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. खोब्रागडेंनी टोपी काढली.

"तुमची विहीर यादीत आहे," ते म्हणाले.

"कितवी?"

"दोनशे सत्त्याण्णव."

"म्हणजे कधी?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं. त्यांना ते पाठ होतं. "अकरा वर्षांनी. कदाचित दहा."

बाईंनी बोटांवर काहीतरी केलं आणि सोडून दिलं. "तू म्हणाला होतास की ज्याने खणली त्याच्याकडून."

"हो."

"फोटो दाखवला होतास."

"हो, मिसेस हावरिलुक."

"मी नातीला सांगून बसले. तिने वाट पाहिली. मग तिने विनिपेगला घर घेतलं." त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. हवामान सांगावं तसं सांगितलं. "तू चांगला माणूस आहेस असं मला वाटलं होतं. मग मला वाटलं, तू खोटारडा आहेस. आता वाटतं, तुला काही माहीतच नव्हतं. ते सगळ्यात वाईट."

मी यादीवर टिक केली, कारण माझं काम तेवढंच होतं.

निवडणूक महिन्यावर आली होती. कुंपणाला लागून मंत्र्यांच्या नावाचा निळा फलक होता, रात्रीच्या वाऱ्याने एका बाजूला झुकलेला. माझी नजर तिकडे गेलेली बाईंनी पाहिली.

"यांनाच देणार मत?" मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"दुसऱ्या कुणाला? विहिरीच्या जागेचं कंपनीकडून भाडं यायचं, ते कॉडी पळाला तेव्हा बंद झालं होतं. सरकारने चालू केलं. दर वर्षी चेक येतो." मग खोब्रागडेंकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या ट्रकमध्ये हातोडा आहे?"

"आहे."

"मला वाकता येत नाही. तेवढं सरळ करून जा."

ते ट्रककडे गेले. हातोडा काढला, गुडघ्यावर बसले आणि फलकाच्या दोन्ही खुंट्या एकेक करून जमिनीत ठोकल्या. जमीन अजून कडक होती, वेळ लागला. मी मदतीला जावं की नाही, या विचारात मी नकाशा धरून उभा होतो.

"डावीकडे अजून," बाई दारातून म्हणाल्या.